आधी मीटर, मग पाना

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातली गावं हलायला लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या तालुक्यांतून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावरच परततात. मुकादमाची उचल घरात आलेली असते, कोयत्यांना धार लावून झालेली असते. पावसाळाभर गोठ्याशेजारी उभे असलेले ट्रॅक्टर, पिकअप, जीप आता चारदोन दिवसांत चालू करायचे असतात. बार्शी रोडवरच्या माझ्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर तेव्हा उजाडायच्या आत रांग लागते. बहुतेकांचं म्हणणं एकच: "मिस्त्री, सेल्फ उचलंना झालाय. बॅटरी गेली. नवी टाका."

या म्हणण्यातला पहिला भाग खरा असतो, कारण तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. दुसरा भाग अंदाज असतो आणि तिसरा त्या अंदाजावर दिलेला हुकूम. माझं सगळं काम या तिन्हींच्या मधल्या जागेत आहे.

नवी बॅटरी टाकून देणं दुकानदाराला सोपं असतं. दोन टर्मिनल सोडायची, जुनी खाली, नवी वर, पैसे हातात. पण ते पैसे येतात कुठून हे ज्याला माहीत आहे, त्याचा हात इतक्या पटकन पान्याकडे जाऊ नये. साध्या कारची बॅटरी चार-सहा हजारांची, ट्रॅक्टरची त्याहून महाग. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, तरी ते टनाला पावणेचारशे रुपयांच्या आतच राहिले. म्हणजे पाच हजारांच्या बॅटरीसाठी नवरा-बायकोच्या एका कोयत्याला तेरा-चौदा टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून गाडीत भरावा लागतो. आणि उचलीतून दिलेला पैसा तर अजून न तोडलेल्या उसाचा. तो नको त्या दुरुस्तीत गेला तर त्या घराचं कर्ज तेवढं वाढलं, आणि गाडीही चार दिवसांनी पुन्हा बंद पडली. म्हणून माझ्या दुकानाचा नियम ठरलेला आहे: आधी मीटर, मग पाना.

हे काम मी ज्या उस्तादांकडे शिकलो त्यांच्याकडे सुरुवातीला मीटर नव्हता. दोन वायरी जोडलेला एक बल्ब होता. त्याचा उजेड पाहून ते कुठल्या वायरीत किती जोर आहे ते सांगायचे. त्यांनी डायनामोच्या जुन्या जीपा पाहिल्या होत्या, सेल्फ नसला तरी हँडल मारून इंजिन सुरू करायचे ते दिवस पाहिले होते. त्यांची शिकवण अशी होती की गाडीला हात लावायच्या आधी तिच्या मालकाला बोलू द्यायचं. बंद कधी पडते? सकाळी की दुपारी? घरून निघताना की पंपावर डिझेल भरून झाल्यावर? त्याआधी गाडीचं कुठलं काम केलं होतं? निम्मी तपासणी या प्रश्नांत होते. मग बॉनेट उघडायचं, आणि एकदा सेल्फ मारायला सांगून नुसतं ऐकायचं.

ऐकण्यासारखं पुष्कळ असतं. इंजिन झपाट्याने फिरतं पण पेटत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, डिझेल-पेट्रोलची वाट तपासा. इंजिन रेंगाळत फिरतं, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिचा करंट वाटेत कुठेतरी अडतोय. 'टक' असा एकच आवाज येऊन सगळं थांबलं, तर सेल्फ किंवा त्याच्यावरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेने ओढला जाणारा खटका, संशयित. भराभर टकटकटक वाजलं, तर सोलेनॉइड दर वेळी ओढला जातो, सेल्फ करंट मागतो, त्या मागणीने व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, तो पुन्हा ओढला जातो. ही टकटक उतरलेल्या बॅटरीची असते तशीच सैल किंवा पांढरं-हिरवं चढलेल्या टर्मिनलचीही असते. नुसत्या आवाजावर या दोघांतला फरक कळत नाही. इथून पुढे मीटर लागतो.

गिऱ्हाइकाला समजावताना मी टाकी आणि मोटरीचं उदाहरण देतो, कारण आमच्याकडे पाण्याचा हिशोब लहान पोरालाही कळतो. बॅटरी म्हणजे घरावरची टाकी आणि अल्टरनेटर म्हणजे बोअरची मोटर. नळाला पाणी नाही म्हणून कुणी लगेच टाकी फोडून नवी आणत नाही. टाकी रिकामी आहे की गळकी, मोटर पाणी चढवते की नाही, मधला पाइप तुंबलाय का, रात्री कुणी नळ उघडा ठेवलाय का, हे आधी पाहतो. गाडीतही प्रश्न हेच चार आहेत, आणि चारही मोजून सुटतात.

पहिला प्रश्न टाकीचा. मोटारीच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक २.१ व्होल्टच्या आसपास. म्हणून भरलेली, काही तास निवांत राहिलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या आत म्हणजे तळ गाठलेली. गाडी नुकतीच चालून आली असेल तर वरवरचा चार्ज खोटा आकडा दाखवतो. मग हेडलाइट मिनिट-दोन मिनिटं लावून ठेवायचे, बंद करायचे आणि थोडं थांबून मोजायचं. पण हा आकडा बॅटरी किती भरली आहे एवढंच सांगतो, ती चांगली आहे की वाईट हे सांगत नाही. त्यासाठी झाकणं उघडता येतात अशा बॅटरीत हायड्रोमीटर घालायचा आणि सहाही सेल तपासायचे. ॲसिडची घनता १.२५० च्या वर असेल तर सेल भरलेला. सहाही सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी खराब झालेली नाही, उपाशी आहे. पाच सेल ठीक आणि एकच फार खाली, आणि पूर्ण चार्ज करूनही तो वर येत नाही, तर मात्र ती संपली. माझ्या धंद्यात सर्वांत मोलाचा फरक हाच आहे, आणि सर्वांत जास्त वेळा न पाहता सोडून दिला जातो तोही हाच.

दसऱ्याच्या रांगेतल्या पुष्कळ बॅटऱ्या उपाशीच असतात. बॅटरी उतरते तेव्हा तिच्या दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं. लवकर चार्ज केली तर ते परत ॲसिडमध्ये जातं. महिनोन्‌महिने तशीच पडून राहिली तर त्याचे कडक खडे होतात आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लान्ते यांनी शिशाची पुन्हा भरता येणारी बॅटरी बनवली, त्या दिवसापासून तिची ही खोड बदललेली नाही. म्हणून उतरलेली बॅटरी मी घाईने चार्ज करत नाही. ऐंशी ॲम्पिअर-तासांची असेल तर आठ ॲम्पिअरवर, रात्रभर. सकाळी सेल मोजतो. मग सेल्फ मारताना मीटर लावतो, कारण बॅटरीचं खरं रूप भार पडल्यावरच दिसतं. सेल्फ फिरत असताना ती ९.६ व्होल्टच्या खाली गेली नाही तर तिला कामावर पाठवायला हरकत नाही. गिऱ्हाईक घाईत असतं, "रात्रभर कशाला मिस्त्री, मुकादम थांबंना" म्हणतं. मी म्हणतो, एक रात्र द्या, पाच हजार वाचतील. पुष्कळदा ते खरंच वाचतात.

दुसरा प्रश्न मोटरीचा, म्हणजे अल्टरनेटरचा. इंजिन सुरू करून बॅटरीच्या टर्मिनलवर मोजायचं. साध्या गाडीत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. हेडलाइट, पंखा, वायपर सगळं लावलं तरी तो १३.५ च्या आसपास टिकला पाहिजे. १२.४ वरच अडकून राहिला तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. तो बॅटरीला उकळून काढतो, पाणी आटतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही काही महिन्यांत जाणार.

काळ्या-पिवळ्या जीपच्या एका चालकाची गोष्ट मी दुकानातल्या पोरांना नेहमी सांगतो. वर्षाच्या आत त्याने दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या आणि दुसऱ्या एका ठिकाणी अल्टरनेटरही भरून घेतला होता. तरी जीप स्टँडवर बंद पडायची. पॅसेंजर खाली उतरून ढकलायचे. मी मोजलं तर इंजिन संथ असताना चार्जिंग नाही. एकदा जोरात रेस केली की चार्जिंग सुरू, आणि मग सुरूच. याचा अर्थ अल्टरनेटर चांगला होता, त्याला जागं करणारं कुणी नव्हतं. जुन्या पद्धतीच्या गाडीत चावी फिरवली की डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो. त्या दिव्यातून जाणारा थोडासा करंट अल्टरनेटरच्या रोटरला पहिलं चुंबकत्व देतो. त्यानंतर तो स्वतःचं स्वतः चालवतो. या जीपचा तो बल्बच उडालेला होता. गावातल्या गावात, स्टँडवर, सावकाश फिरणाऱ्या गाडीचं इंजिन रेस होतच नव्हतं, म्हणून बॅटरी दिवसभर फक्त देत होती, घेत काही नव्हती. काही रुपयांचा बल्ब बदलला आणि जीप धावायला लागली.

"दिवा लागत नव्हता म्हणून मी समजलो सगळं ठीक हाय," तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. धोक्याचा दिवा बंद म्हणजे धोका नाही, असंच कुणीही समजेल. म्हणून प्रत्येक गाडीत मी चावी अर्धी फिरवून आधी तो दिवा लागतो का ते पाहतो, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो का तेही पाहतो. दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

अल्टरनेटर आतून तीन फेजची एसी वीज बनवतो आणि सहा डायोड तिची डीसी करतात. एखादा डायोड उडाला तर चार्जिंग पूर्ण बंद होत नाही, कमी होतं. अशी गाडी दिवसा ठीक चालते आणि रात्री दिवे लावून अंबाजोगाईपर्यंत गेली की परतताना दमते. मीटर एसीवर करून बॅटरीच्या टर्मिनलवर धरला तर जिथे जवळजवळ काही दिसायला नको तिथे अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसतो. डायोड गळका असेल तर तऱ्हा आणखी वेगळी. गाडी बंद असतानाही करंट अल्टरनेटरमधून उलटा वाहत राहतो आणि बॅटरी सकाळपर्यंत बसते. डिसेंबरच्या थंडीत, रात्रभर बंद असलेल्या गाडीचा अल्टरनेटर उस्तादांनी एकदा मला हात लावून पाहायला सांगितला. इंजिन गारठलेलं आणि अल्टरनेटर कोमट. चोर सापडला होता. हात लावून पाहण्याची ही रीत मी अजूनही वापरतो आणि मग मीटरने खात्री करतो.

तिसरा प्रश्न पाइपचा, म्हणजे वायरींचा. इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात, कारण वायर बाहेरून धडधाकट दिसते. एक शिक्षक इंजिनाचं काम करून आणलेली कार घेऊन आले. काम झाल्यापासून सेल्फ रेंगाळत होता. त्यांना बॅटरी आणि सेल्फ दोन्ही बदलायला सांगितलं गेलं होतं. बॅटरी निवांत असताना १२.६ दाखवत होती, सेल्फ मारतानाही टर्मिनलवर अकराच्या आसपास टिकत होती. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या अंगावर ठेवून सेल्फ मारायला सांगितला. तिथे फार तर ०.२ व्होल्ट दिसायला हवेत. दोनपेक्षा जास्त दिसले. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी काम झाल्यावर सैल राहिली होती आणि तिच्याखाली रंग-गंज बसला होता. सेल्फचा सगळा करंट परतीची वाट शोधत ॲक्सिलेटरच्या केबलमधून जात होता. ती केबल हाताला गरम लागत होती. पट्टी सोडली, दोन्ही बाजू काचकागदाने चकचकीत केल्या, घट्ट आवळली. सेल्फ पहिल्याच झटक्यात फिरला.

पॉझिटिव्हच्या बाजूलाही हाच हिशोब: बॅटरीच्या खुंटीपासून सेल्फच्या नटापर्यंत, सेल्फ फिरत असताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडायला नको. या तपासणीला एक पैसा लागत नाही. दोन पिना आणि चावी फिरवायला एक माणूस, बस्स. तरी ती फार थोडे लोक करतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

चौथा प्रश्न उघड्या नळाचा. आमच्याकडची शिकलेली पोरं पुण्याला नोकरीला असतात. गावाकडे वडिलांसाठी एक कार घेऊन ठेवलेली असते, ती महिना-महिना हलत नाही. दिवाळीला पोरगं आलं की चावी फिरवतं आणि दिवेही लागत नाहीत. आजच्या गाडीत घड्याळ, रिमोट लॉक, कॉम्प्युटर यांना झोपेतही थोडा करंट लागतो. तो ५० मिलीॲम्पिअरच्या आत असला की ठीक. पण ५० मिलीॲम्पिअर म्हणजे दिवसाला सव्वा ॲम्पिअर-तास. पंचेचाळीसची बॅटरी अडीच आठवड्यांत निम्मी. त्यात बाहेरून बसवलेला जीपीएस किंवा चुकीच्या वायरीवर जोडलेला टेप असेल आणि गळती अर्ध्या ॲम्पिअरवर गेली, तर दोनच दिवसांत निम्मी.

हे शोधताना घाई चालत नाही. निगेटिव्ह वायर काढून मीटर मध्ये जोडायचा, दरवाजे लावायचे आणि गाडीतले कॉम्प्युटर झोपी जाईपर्यंत अर्धा तास वाट पाहायची. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा खाली पडतो, त्या वाटेवर चोर आहे. पोरं सुरुवातीला अर्धा तास थांबायला कंटाळतात, गाडी जागी असतानाच आकडा वाचतात आणि नसलेला दोष शोधत बसतात. थांबणं हेही या कामातलं एक हत्यार आहे, असं मी त्यांना सांगतो.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर मोठमोठे डेक आणि ॲम्प्लिफायर असतात. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र-रात्र ट्रॅक्टर उभे राहतात, इंजिन बंद, गाणी चालू. दहा ॲम्पिअर ओढणारा डेक आठ तास चालला तर ऐंशी ॲम्पिअर-तास, म्हणजे आख्खी बॅटरी संपली. मी कुणाला गाणी बंद करा म्हणत नाही. थंडीत, घरापासून दोनशे किलोमीटरवर, चाकाशेजारी जागणाऱ्या पोराला तेवढीच सोबत असते. मी त्याला हिशोब सांगतो: आवाज निम्मा ठेव, आणि डेकसाठी वेगळी जुनी बॅटरी बसवता आली तर बसव, म्हणजे सेल्फची बॅटरी सेल्फला राहील.

या चार प्रश्नांच्या मागे आमच्या हवामानाचा मोठा हात आहे. एप्रिल-मेमध्ये बीडचा पारा चाळीसच्या वर जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीच्या आतली झीज जवळपास दुप्पट वेगाने होते. पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात, उघडा पडलेला भाग मरतो. लोक जवळ असेल ते पाणी ओततात, बोअरचं किंवा जारचं. आमच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं, ते क्षार प्लेटांवर बसतात. पाणी डिस्टिल्डच हवं, प्लेटा बुडतील इतकं, आणि खुणेपर्यंत भरायचं असेल तर चार्ज झाल्यावर. ॲसिड कधीच वरून टाकायचं नाही, कारण आटतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. उन्हाळ्यात अशी अर्धमेली झालेली बॅटरी लगेच बोलत नाही. डिसेंबरमध्ये डिझेल इंजिन गारठतं, ऑइल घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो आणि तेव्हा ती हात टेकते. गिऱ्हाईक थंडीला बोल लावतं, पण घाव मेमधला असतो. मार्च संपता संपता पाण्याची पातळी पाहून घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो, कारण तेव्हा ते काम फुकटात होतं.

गाड्या बदलल्या तशी तपासणीही बदलावी लागली. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि इंजिन बंद पडतं का ते पाहायचं, ही जुन्या गॅरेजांतली रीत डायनामोच्या गाड्यांत खपून जायची. अल्टरनेटरच्या गाडीत तसं केलं तर व्होल्टेजचा झटका उसळतो आणि हजारो रुपयांचा कॉम्प्युटर क्षणात जळू शकतो. उस्तादांनी स्वतः ती रीत सोडली आणि मलाही सोडायला लावली. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम सक्तीचे झाले. त्यांपैकी बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या हुकमाने चालतो. बॅटरी भरलेली असेल तर इंधन वाचवायला तो व्होल्टेज मुद्दाम १२.८ च्या आसपास आणतो, आणि गाडीचा वेग कमी होताना पुन्हा १४ च्या वर नेतो. अशा गाडीचा एकच आकडा वाचून "अल्टरनेटर गेला" म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालणं. हेडलाइट लावून, थोडं चालवून, निगेटिव्ह टर्मिनलवरचा सेन्सर तपासून मगच बोलावं. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम जातीची बॅटरी लागते. स्वस्त म्हणून साधी बसवली तर ती लवकर जाते. दुसऱ्या गाडीवरून चालू करतानाही लाल वायर लाल खुंटीला, पण काळी वायर बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या धातूला लावावी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि एक ठिणगी त्याला पुरते. दुकानात बॅटरीजवळ मी कुणाला विडी पेटवू देत नाही, मग माणूस कितीही मोठा असो.

संपलेल्या बॅटरीची जबाबदारीही मी माझीच समजतो. तिच्यातलं शिसं पुन्हा वितळवून नव्या बॅटरीत जातं, म्हणून जुन्या बॅटरीला वजनावर पैसे मिळतात. त्या पैशांसाठी कुणी ती घरामागे फोडली तर ॲसिड जमिनीत मुरतं आणि शिशाची धूळ पोरांच्या अंगात जाते. ती पोरांच्या मेंदूचं कायमचं नुकसान करते. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून रीतसर कारखान्यात पोहोचवायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. आम्ही त्या साखळीची पहिली कडी. म्हणून जुनी बॅटरी सांडू न देता, उभी ठेवून, अधिकृत माणसालाच देतो.

या सगळ्यात एवढा जीव का लावायचा, असं कुणी विचारतं. आमच्या वाड्या-तांड्यांवर कितीदा एकच चारचाकी असते आणि रात्री-अपरात्री तीच सगळ्या वस्तीची रुग्णवाहिका होते. सर्पदंश झाला, बाळंतीण अडली की त्या गाडीलाच अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयाचा दरवाजा गाठायचा असतो. त्या वेळी चावी फिरवल्यावर टकटक वाजणं म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. अशी गाडी माझ्याकडे आली की मी तिच्या मालकाला सांगतो, दर महिन्याला एकदा व्होल्टेज मोजून घे, पैसे लागणार नाहीत. त्यातले बरेच जण येतात.

दुकानात शिकणाऱ्या पोरांना मी एक सवय लावली आहे. प्रत्येक गाडीचे आकडे कागदावर लिहायचे: निवांत व्होल्टेज, सहा सेलांची घनता, सेल्फ मारतानाचं व्होल्टेज, दोन्ही बाजूंच्या वायरींतली घट, चार्जिंग भाराविना आणि भारासकट, बंद गाडीतली गळती. तारीख टाकून तो कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, मग काम आमच्याकडे करो की दुसरीकडे. सुरुवातीला पोरं म्हणाली, "असं केलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल की." काही जातातही. पण तिथे जाऊन ते कागद पुढे करतात आणि विचारतात, मग बॅटरी का बदलायची? हा प्रश्न विचारता येणं, हा त्यांचा हक्क आहे. कारखान्यावर उसाच्या टनांचा काटा दुसऱ्याच्या हातात असतो, त्यावर तोडणाऱ्याचा शब्द चालत नाही. माझ्या दुकानात तरी मोजमाप त्याच्या डोळ्यांसमोर व्हावं आणि त्याचा आकडा त्याच्या खिशात जावा. परवा धारूरकडचा एक ट्रॅक्टरवाला मागच्या वर्षीचा कागद घडी घालून घेऊन आला, दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी ठेवून स्वतःच म्हणाला, "मिस्त्री, चौथा सेल उतरायलाय. या सालाला चालंल, पुढच्या सालाला बघू." त्याने बरोबर वाचलं होतं.